माझ्या पोटातला पानमळा

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड संगणक आहे. अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत, संगणक खोलीच्या खिडकीजवळ माझं टेबल आहे. माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे आणि पंखा सुरू झाला की मी पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. मुलं मला 'ढोल्या' म्हणतात. मला राग येत नाही. पोट मोठं असलं की लोक बोलणारच.

माझी जुळवाजुळव अमरावतीच्या एका दुकानात झाली. तिथून मला आणायला शाळेचे शिपाई नत्थुजी आले होते. एसटीत जागा मिळाली, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. मांडीवर घेऊन बसले आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायचे. शाळेत आल्यावर त्यांनी मला हळदकुंकू लावलं आणि माझ्यासमोर नारळ फोडायला निघाले. तेव्हाच्या सरांनी त्यांना कसंबसं दाराबाहेर नेलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.

दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढा'. ती वाचून मी फुगलो होतो. हा माझाच मान, असं मला वाटायचं. पुढे कळलं की ती सूचना धुळीसाठी होती.

तेव्हा खोलीत सगळे माझ्यासारखेच होते, भरल्या पोटाचे. ज्या मुलाने ज्या संगणकावर चित्र काढलं, ते त्याच संगणकात राहायचं. तो संगणक बिघडला की चित्र गेलं आणि मूल रडत बसलं. शिवाय आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. वर टिनाचं छत आणि खाली आम्ही तापलेले. एप्रिल लागला की आमच्यातला एखादा तरी चक्कर येऊन पडायचा, म्हणजे आपोआप बंद व्हायचा.

मग अकोल्याहून दीपमाला मॅडम बदलून आल्या. त्यांनी आमच्यातले बहुतेक थकलेले संगणक काढले आणि त्यांच्या जागी छोटे डबे आणले. त्यांना थिन क्लायंट म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढा जीव, ना पंखा, ना आवाज. मी वाकून पाहिलं तर आत साठवण म्हणून काहीच नाही. मला हसू आलं. रिकाम्या पोटी हे काय काम करणार? कोपऱ्यात एक उंच नवा सर्व्हर आला आणि सगळ्या डब्यांच्या तारा त्याला जोडल्या. मॅडमनी मुलांना सांगितलं की डबा फक्त चित्र दाखवतो आणि तुमची बोटं काय म्हणतात ते कळवतो. विचार आणि साठवण सगळी सर्व्हरकडे. आम्हा तीन जुन्यांना मात्र ठेवलं, कारण हलती चित्रं जोडण्याचं जड काम डब्यांवरून केलं तर सर्व्हरला धाप लागायची. आम्ही ते काम आमच्या अंगावर घ्यायचो, पण झालेलं काम जायचं सर्व्हरच्याच पोटात.

एका सोमवारी नववीतल्या प्रणालीने पहिल्या डब्यावर एक पान काढायला घेतलं. अर्धं झालं आणि घंटा वाजली. मंगळवारी तिला शेवटच्या डब्यावर जागा मिळाली. तिने आपलं नाव टाइप केलं आणि ते अर्धं पान, जिथे रेघ थांबली होती तिथपर्यंत, तिच्यासमोर आलं. मित्रांनो, मी थक्क झालो. इतकी वर्षं मला वाटत होतं की काम हे संगणकाचं असतं. ते तर मुलाचं होतं. मूल जिथे बसेल तिथे ते मागोमाग येत होतं.

आता त्या पानाविषयी सांगतो. ते नागवेलीचं पान होतं. प्रणालीचे आजोबा वामनराव, त्यांना ती आबाजी म्हणते, त्यांचा गावाबाहेर पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेले वेल, आत भर दुपारी गारवा. पानमळ्याला इकडे देवाची जागा मानतात. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, मग तो मालक असो की व्यापारी. पण वेलांना मर नावाचा रोग लागला आणि घरच्यांना सगळा मळा उपटावा लागला. त्यानंतर आबाजींच्या एका डोळ्याची नजरही पूर्ण गेली आणि दुसऱ्याची थोडी थोडी जात होती. त्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं. डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता.

म्हणून प्रणालीने ठरवलं, आबाजींचा मळा पुन्हा लावायचा. ती रोज संध्याकाळी त्यांना विचारून यायची की कोणत्या ओळीत कोणतं झाड होतं, पाणी कुठून यायचं, विहीर किती लांब होती. तिच्यासोबत आणखी चार मुलं लागली. प्रत्येकाने एक ओळ घेतली. पाच डबे त्यांच्या पडद्यांसकट शेजारी शेजारी मांडायचे, प्रत्येक पडद्यावर एक ओळ, आणि मधे बसलेल्या माणसाला वाटावं की आपण मळ्याच्या दारात आहोत. वेल हलायचे, पाटाचं पाणी एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायचं. ती ओळ न ओळ माझ्यावर जोडली गेली आणि सर्व्हरमध्ये साठवली गेली. काही आठवड्यांत मळा तयार झाला. त्या शनिवारी आबाजी पाहायला येणार होते. रविवारी त्यांना नागपूरला नेणार होते.

शुक्रवारी सकाळी उन्हाने कहर केला. नत्थुजी खोलीत आले, त्यांनी सर्व्हरला हात लावून पाहिलं आणि तो तापलेला बघून त्यांचा जीव कळवळला. आमच्या वऱ्हाडात घरी पाहुणा आला की कूलरचं तोंड त्याच्याकडे करतात. नत्थुजींनी तेच केलं. कूलर ओढत कोपऱ्यात आणला, बादलीने काठोकाठ भरला आणि सर्व्हरच्या समोर सुरू केला. ओलं वारं आणि बारीक तुषार थेट त्याच्या अंगावर. मी जोरजोरात घरघरलो, पण माझी घरघर कोण ऐकतो?

चट् असा आवाज झाला आणि सगळ्या डब्यांचे पडदे एकदम काळे पडले. आम्ही तिघे जुने तेवढे उजेडात राहिलो. नत्थुजी रिकामी बादली हातात घेऊन उभे होते.

"मी त त्याले गार वाटावं म्हणून लावला, जी," ते मॅडमना म्हणाले.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सर्व्हर उघडला, तर आतल्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर, पाणी दिसत होतं. अमरावतीचा दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येऊ शकत नव्हता. प्रणालीने हळूच विचारलं की मळा गेला का. मॅडम म्हणाल्या, साठवणीची डिस्क कोरडी दिसते आहे, मळा तिच्यात असेल. पण तिला बसवायला एखादं धड हवं. मग त्या वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. माझं झाकण उघडलं, धूळ झटकली आणि माझ्या डिस्कच्या शेजारच्या रिकाम्या जागेत सर्व्हरची डिस्क बसवली. सगळे डबे याला झेपणार नाहीत, मॅडम म्हणाल्या, पण पाच जोडून बघू. तारा लावल्या, बटण दाबलं. मी कण्हलो, थांबलो, पुन्हा कण्हलो. आणि मग ते माझ्यात आलं.

कसं सांगू? मी आजवर एका वेळी एका मुलाचा होतो. त्या दिवशी सगळी शाळा माझ्यात उतरली. पाचवीच्या पोरांची वाकडी घरं, कुणाचे चुकलेले पाढे, कुणी आईचं काढलेलं चित्र आणि लाजून कुणालाच न दाखवलेलं. आणि त्या सगळ्यांच्या मधे हिरवागार पानमळा. पहिला डबा उजळला, मग दुसरा. पाचवा उजळला तेव्हा पोरांनी श्वास सोडला. ज्यांच्या रिकाम्या पोटाला मी हसलो होतो, त्यांच्याच डोळ्यांनी आता मी पाहत होतो. ती जादू नव्हती, साधी तार होती. तरीही मी अजून त्या आश्चर्यातून बाहेर आलेलो नाही.

शनिवारी आबाजी आले. प्रणालीने हात धरून आणलं होतं. त्यांच्या टाचेला जखम होती, म्हणून मॅडमनी त्यांना चपला राहू द्या म्हटलं, आणि ते तसेच आत येऊन पाच पडद्यांच्या मधे बसले. माझ्या बाजूला नत्थुजी उभे होते. कूलरकडे ते फिरकलेसुद्धा नव्हते. मॅडमनी कोरडं वारं चालेल असं सांगितल्यापासून ते पुठ्ठ्याने मला वारा घालत होते आणि सारखे माझ्या पाठीला हात लावून पाहत होते.

मळा उघडला. मी पूर्ण जोर लावला. इकडे मी तापत होतो आणि तिकडे पाचही पडद्यांवर पानं हलत होती. आबाजी पुढे वाकले, पडद्याला नाक लागेल इतके. विहीर दिसली, शेवरी दिसली, पाटाचं पाणी डावीकडून उजवीकडे गेलं. त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. मला वाटलं, दिसत नसावं. प्रणालीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने त्यांचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी तो हात सोडवला. खाली वाकले आणि चाचपडत एक चप्पल काढली, मग दुसरी.

"नत्थु, ह्या बाहीर ठेव बरं," ते म्हणाले. "मळ्यात चपला घालून नाई जात."

नत्थुजींनी पुठ्ठा खाली ठेवला. त्या चपला दोन्ही हातांत घेतल्या, जसं कधी काळी मला एसटीत धरलं होतं तसं, आणि दाराबाहेर पाटीखाली नेऊन ठेवल्या. परत येऊन पुन्हा मला वारा घालू लागले. त्यांचे डोळे वाहत होते. आबाजी अनवाणी पायांनी बराच वेळ मळ्यात बसून होते.

सर्व्हर पुढच्या आठवड्यात दुरुस्त झाला आणि त्याची डिस्क त्याच्याकडे परत गेली. मी पुन्हा खिडकीजवळचा ढोल्या झालो. आबाजींचं ऑपरेशन झालं. आता त्यांना उजेड कळतो आणि माणसांचे आकार कळतात. पानं दिसत नाहीत. म्हणजे मळा त्यांनी शेवटचा पाहिला तो आमच्या खोलीत.

मित्रांनो, आम्हाला ओलं वारं देऊ नका, धुळीपासून जपा, आणि एकच काम दोन ठिकाणी साठवा. जुना संगणक दिसला तर त्याला लगेच भंगारात काढू नका, छोटा डबा दिसला तर त्याला रिकामा समजून हसू नका. आणि आमच्या दाराशी चपला काढायच्या कंटाळ्याने कधी तुम्ही तसेच आत शिरायला निघालात, तर क्षणभर थांबा. आत कुणाचा तरी मळा असतो.