गौरीथानच्या मागचं शिखर

सिमपानीत बघण्यासारखी अकरा ठिकाणं आहेत, असं नगरपालिकेच्या फलकावर लिहिलंय. त्यातलं एक आमच्या वॉर्डाच्या अध्यक्षांचं माशांचं तळं आहे. गुहा बरी आहे, मंसिरात, थंडी पडू लागली की, संत्र्यांच्या बागाही बऱ्या दिसतात, पण पाहुणे येतात ते टॉवरवरून बर्फाचा हिमाल बघायला. कुठलं शिखर कोणतं हे त्यांना सांगणं माझं काम. एकतीस वर्षं मी ते करतोय आणि त्यातली बावीस वर्षं खोटं सांगतोय.

समोर सगळ्यांत मोठं, रुंद खांद्यांचं जे शिखर दिसतं ते गौरीथान. मी त्याला सेतोचुली म्हणतो. खरी सेतोचुली त्याच्या मागे दडलेली आहे. सिमपानीतून तिचं टोकही दिसत नाही.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या गावातला रनबीर दाइ, मला थोरल्या भावासारखा, सेतोचुलीवर परदेशी लोकांची ओझी वाहायला गेला आणि बर्फाखाली गडप झाला. प्रेत मिळालं नाही. पाचव्या दिवशी त्याची बायको, मनसरा भाउजू, टॉवरवर आली. आठवा महिना चालू होता. "हर्के, कुठलं रे ते? दाखव मला," म्हणाली. खरं दाखवायचं तर तिला वरच्या धारेवर न्यावं लागलं असतं, तीन तासांची उभी चढण. मी समोरच्या शिखराकडे बोट केलं. बाळंत झाली की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. मग ती रोज सकाळी अंगणातून त्या शिखराला पाणी आणि धूप द्यायला लागली, आणि सांगणं राहून गेलं. मी भेकड आहे, दुसरं काही नाही.

तिच्या कानावर वेगळं नाव पडू नये म्हणून पाहुण्यांनाही मी तेच सांगायला लागलो. ओझी वाहणारे जुने लोक समजून गप्प बसले आणि नवीन गाइड पोरं माझ्याकडूनच शिकली. किती देशांतल्या किती भिंतींवर गौरीथानचा फोटो सेतोचुली म्हणून टांगलाय, देव जाणे.

यंदा नगरपालिकेने टॉवरवर स्टीलची पाटी बसवायचं काढलं. तिच्यावर सगळ्या हिमालाची रेघ आणि प्रत्येक शिखराखाली त्याचं नाव. काठमांडूहून आलेल्या इंजिनियर मुलाने नकाशा माझ्यापुढे धरला.

"दाइ, तपासून द्या. स्थानिक माणसाची सही लागते."

"इथे सेतोचुली लिही."

"ती इथून दिसतच नाही. हे गौरीथान आहे."

"आम्ही इथे सेतोचुलीच म्हणतो याला."

"तुम्ही म्हणा हो, कॉम्प्युटर नाही म्हणत." तो हसला. "एकतीस वर्षं बघत काय होता मग?"

मी सही केली.

पाटी शनिवारी बसायची होती. शुक्रवारी मी भाउजूच्या घरी गेलो, सगळं सांगून टाकायचं म्हणून. तिने तांदळाच्या गोड सेलरोट्या वाढल्या. मी दोन खाल्ल्या, यंदा संत्री आंबट निघाल्याचं बोललो आणि परत आलो.

शनिवारी ती नवी साडी नेसून आली. बरोबर मुलगी पवित्रा होती, तीच तेव्हा पोटात असलेली. बापाच्या शिखराचं नाव पाटीवर बघायला दोघी आल्या होत्या. पवित्राने पाटीवरून बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं.

"आमा, सेतोचुली नाहीच यात."

"नीट बघ गं. शाळेत घातलं कशाला तुला?"

"नाही म्हणते ना. आपल्या शिखराखाली गौरीथान लिहिलंय."

भाउजू हसली. "बघ रे हर्के, घाण करून ठेवली यांनी. जा, सांग त्यांना."

सुटायला जागा होती. माशांच्या तळ्याला पर्यटनस्थळ म्हणणाऱ्यांची पाटी चुकली, यावर कोणीही विश्वास ठेवला असता. पण पवित्रा पाटी सोडून माझ्याकडे बघत होती.

"पाटी बरोबर आहे, भाउजू," मी म्हणालो. "सेतोचुली याच्या मागे आहे. इथून दिसत नाही."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. कठडा धरून ती गौरीथानकडे बघत राहिली.

"मग बावीस वर्षं मी कोणाला पाणी दिलं रे?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कुठून दिसतं ते?" तिने विचारलं.

"वरच्या धारेवरून."

"उद्या ने."

रविवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो.  चढणीवर तिचे गुडघे दुखायला लागले. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. धारेवर पोचलो तर समोर नुसते ढग. आम्ही दोन दगडांवर बसलो, मध्ये चार माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. मी डबा उघडून तिच्याकडे सरकवला. तिने तो तसाच राहू दिला.

उन्हं चांगली वर आल्यावर ढग विरले. गौरीथान आता डावीकडे होतं आणि त्याच्या पाठीशी तीन पांढरी शिखरं, जवळजवळ सारख्याच उंचीची.

"मधलं," मी बोट दाखवून म्हणालो.

भाउजूने शिखराकडे पाहिलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात पल्याडच्या गावची एक बाई पाठीवर गवताचा भारा घेऊन चढून आली. भाउजू उठली आणि तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"ए बहिनी, या तिघांत सेतोचुली कोणती?"

बाईने भारा न उतरवता हनुवटी उचलली. "मधली."

"नक्की ना?"

"रोज बघते की मी."

मग मनसरा भाउजू वळली, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

माझं बोट अजून वरच होतं. मी ते खाली घेतलं.