मागच्या रांगेतला तिसरा

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. रोह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाची इमारत १९७८ साली बांधून झाली, त्या दिवशी मला काढले. पुढे खुर्च्यांवर अकरा प्राध्यापक आणि पदाधिकारी, मागे उभे सहा मजूर. खालच्या पट्टीवर अकरा जणांची नावे पदव्यांसह छापली आहेत. मागच्या सहा जणांना मिळून एकच शब्द आहे : ‘कामगार’.

फ्रेम करणाऱ्याने मला थेट काचेला टेकवले. मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालायला हवी होती. या एका चुकीवरून सेहेचाळीस पावसाळे गेले. भिंतीची ओल माझ्यात उतरली आणि मी जागोजागी काचेला चिकटलो. पहिली काही वर्षे लोक माझ्यासमोर थांबत, स्वतःला शोधत, हसत. मग नवे कपाट आले आणि मी त्याच्यामागे गेलो. तिथे वीस वर्षे माझी विचारपूस फक्त पालींनी केली.

यंदा कॉलेजने आपला इतिहास जपायचे ठरवले. ग्रंथपाल रोहिणीताईंनी मला बाहेर काढले. मदतीला पेणहून मनालीताई येऊ लागल्या. त्या अभिलेखपाल, जुने कागद आणि फोटो सांभाळणे हेच त्यांचे काम. दोघींनी गावोगाव निरोप धाडला : जुने चेहरे ओळखणारे कोणी असेल तर या.

एका बुधवारी जवळच्या वाडीवरून कमळीबाई आल्या, शेतावरचे काम सोडून.

“माझा बा ह्यात हाय, मोतीराम,” त्या म्हणाल्या. “मागं हुबा, डावीकडनं तिसरा. तोच सांगायचा. घरात त्याचा एकबी फोटो नाय.”

पण नेमका तिथेच मी काचेला चिकटून काळा पडलो होतो. चेहरा दिसेना.

रोहिणीताईंनी मनालीताईंना फोन लावला. पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. “मी वडखळला अडकलेय. मी येईपर्यंत त्याला ओढू नका हं.”

कमळीबाई घड्याळाकडे बघत होत्या. “तीनची गाडी गेली तं चालतच जायाचं, बाई.”

रोहिणीताईंना त्यांची दया आली. त्यांनी माझा कोपरा धरला आणि हलकेच ओढला. मित्रांनो, तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. मी सुटलो खरा, पण तिसऱ्या माणसाच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी पांढराफटक कागद उरला.

“अरे देवा! काय करून बसले मी!” रोहिणीताई मटकन खुर्चीत बसल्या.

“ऱ्हाऊ दे गो बाई,” कमळीबाई म्हणाल्या. “तो काय पहिल्यांदा गेला व्हय?” आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. तीनची गाडी आली आणि गेली. त्या उठल्या नाहीत.

रोहिणीताईंनी काच वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्याशी ठेवली. साडेतीनला मनालीताई पोचल्या. माझ्यावरचा पांढरा डाग त्यांनी पाहिला. रागावल्या नाहीत.

“काच कुठाय?”

“टाकायला ठेवलीय. कुणाचा हात कापायला नको.”

“टाकू नका! कागदावरून निघालंय ते काचेवर गेलंय.”

त्यांनी काच उलगडून खिडकीच्या उजेडात धरली. कमळीबाईंना आत बोलावले. उजेड आरपार येताच दिसले : काचेवर अंगठ्याच्या नखाएवढा एक चेहरा होता, डोळे बारीक करून उन्हाकडे पाहणारा.

“ह्योच!” कमळीबाई ओरडल्या. “डोक्यावर चुंबळ हाय बग, पाटीखाली ठेवायची. फोटोलाबी काढली नाय! आये म्हनायची, ह्यो चुंबळ घालूनच जन्माला आलाय.” त्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

रोहिणीताईंनी पेन्सिल घेतली. “आडनाव सांगा.”

“हिलम. मोतीराम हिलम.”

आता मी एका पेटीत आहे, माझ्याशेजारच्या पेटीत ती काच. दोन्हींवर एकच क्रमांक आहे. अंग सुरक्षित आहे, पण मन स्वस्थ नाही. मागच्या रांगेतल्या पाच जणांची नावे अजून कोणी सांगितलेली नाहीत. वाडीवरच्या सीताबाई त्याच कामावर होत्या. त्यांना ती माहीत असतील. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने दिसत नाही. कमळीबाई त्यांना सोमवारी घेऊन येणार आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेला चिकटलेला फोटो असेल तर तो ओढू नका, जाणकाराला दाखवा. आणि त्यातली माणसे कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून मागे पेन्सिलने लिहून ठेवा. आज गुरुवार आहे. सोमवार मला फार लांब वाटतो.