गुडघ्यातला घोडा

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल रविवारी सकाळी साडेनऊलाच भरून जायचा. जिन्यावर चपलांचा असा ढीग, की वर जाणाऱ्याला पाय ठेवायला पायरी सापडू नये. आत ऐंशी-नव्वद माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या मांडीवर झोपलेलं मूल. समोर चौथऱ्यावर एक मोठं मेज, त्याला पुढून जमिनीपर्यंत सोडलेलं हिरवं कापड, आणि मेजामागे डोळे अर्धवट मिटून बसलेले अंतर्यामी. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

"तीन नंबर!" त्यांचा चिटणीस पुकारायचा.

तीन नंबरचा बस ड्रायव्हर उठून तोंड उघडणार, तोच अंतर्यामी हात वर करायचे. "बोलू नकोस. मला ऐकू येतंय. कंबर... उजवी बाजू... चार वर्षं झाली. आणि घरात सख्ख्या भावाशी अबोला."

ड्रायव्हरचे डोळे भरून यायचे. सगळा हॉल एका सुरात 'आहाहा' करायचा. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. तीस वर्षं टायपिंगच्या खोलीत, चाळीस यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय; माझा उसासासुद्धा रस्त्यापर्यंत ऐकू जातो.

ही गोष्ट मी आज ऐंशीच्या घरात असताना लिहिते आहे. तेव्हा एकोणसाठची होते, नुकतीच निवृत्त झालेली, आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. शहाणपणाचं कारण असं की मी कॉम्प्युटरच्या वर्गाला जात होते. वेबपानावर फॉर्म कसा बनवायचा आणि त्यात लोकांनी भरलेला मजकूर फाईलमध्ये कसा साठवायचा, हे आम्हाला शिकवायला एक सव्वीस वर्षांची मुलगी होती. संस्थेच्या मुख्य बाई 'मोठ्या मॅडम', म्हणून ही 'छोट्या मॅडम'. वर्गातली बाकीची मुलं तिला प्रश्न विचारायची. मी चौथ्या महिन्यापासून उत्तरं द्यायला लागले.

वर्गाचा कॉम्प्युटरवर एक मदतफलक होता. नवशिक्यानं आपली अडचण तिथं लिहायची आणि ज्याला येत असेल त्यानं उत्तर द्यायचं. मला येत असो वा नसो, पहिलं उत्तर माझं. शेवटी 'यशस्वी भव' असंही लिहायचे. छोट्या मॅडम एकदा म्हणाल्या, "काकू, उत्तर बरोबर आहे. पण आशीर्वाद चालवून बघता येत नाही."

चिटणीस त्याच वर्गातला. करड्या सफारीतला, अत्यंत नम्र माणूस. त्यानं माझे पाय धरले आणि म्हणाला, "आई, आमच्याकडे गर्दी फार होते. लोकांनी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर नाव नोंदवावं, असा फॉर्म करून द्या. अंतर्यामी स्वतः यंत्राला हात लावत नाहीत. हे आपलं मदतकार्यासाठी."

'आई' म्हटल्यावर मी विरघळले. फॉर्म केला. नाव, वय, तक्रार, किती वर्षांपासून, कुणाचं औषध चालू आहे, घरात कोण कोण, कुणाशी अबोला, अलीकडे घरातलं कोण गेलं. "हे सगळं भरल्याशिवाय पुढे जाऊच नये," असं तो म्हणाला, म्हणून प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी मी माझ्या हातानं लावली. पुढच्याच आठवड्यात मदतफलकावर त्याचा प्रश्न आला: फाईलमधल्या ओळी एकेक करून पडद्यावर कशा दाखवाव्यात? बटण दाबलं की पुढची ओळ यावी. मी तत्काळ बारा ओळींचं उत्तर लिहिलं. वर आपल्या मनानं एक सुधारणाही सुचवली, की फाईल संपली की पान कोरं दिसू नये, पुन्हा पहिली ओळ यावी. यशस्वी भव.

आता तुम्ही विचाराल, बाई, एवढं सगळं तुम्हीच करून दिलंत, तरी तुम्हाला कळलं कसं नाही? मीही हेच स्वतःला वीस वर्षं विचारते आहे. अक्षरं फाईलमध्ये जातात हे मला ठाऊक होतं. ती फाईल पुढे कोण वाचतं, हे मी विचारलं नाही. माझं यंत्र चाललं, या आनंदातच मी होते.

माझे यजमान गेल्यापासून थोरल्या वन्सं आणि मी, अशा दोघीच घरात राहायचो. वन्सं शिवणकाम करायच्या. त्यांच्या काजांना आजूबाजूच्या चार गल्ल्यांत तोड नव्हती. त्यांना काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोज सकाळ-संध्याकाळ थेंब. दुखत नाही म्हणून सोडाल, तर नजर कडेकडेनं जाईल आणि गेलेली परत येणार नाही."

मीच त्यांना हॉलमध्ये घेऊन गेले. त्यांना टाईप करता येत नव्हतं, म्हणून त्यांचा फॉर्म मीच भरला. दहा बोटांनी, न बघता. आणि दोन तासांनी अंतर्यामी म्हणाले, "बोलू नकोस. डोळे... दोन्ही... सहा वर्षं. घरात दोघीच. पाठचा भाऊ गेला तुझा," तेव्हा हुंदका फुटला तो मला. वन्सं माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"औषधाचे थेंब माझ्या कामात अडथळा आणतात," अंतर्यामी पुढे म्हणाले. "ते बंद. इथलं पाणी ने, डोळ्यांना लाव. दर रविवारी ये."

थेंबांची बाटली फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर मी ठेवली. वन्संचा हात पोचत नव्हता तिथं.

छोट्या मॅडमना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पण काकू, त्यांना कळलं कसं?"

"काही गोष्टी तुमच्या वर्गात शिकवत नाहीत, मॅडम."

"मग रविवारी मीही येते. तुमचा फॉर्म तरी बघेन."

मला तेच हवं होतं. माझी पहिली कामगिरी सगळ्या जगानं पाहावी, असं मला वाटत होतं. ही वन्संची सातवी खेप. मधल्या काळात त्या सुईत दोरा ओवताना चिडायला लागल्या होत्या. बुधवारी तर रोजच्या जागी असलेल्या स्टुलाला अडखळून पडल्या. "आधी त्रास वाढतो, मग उतरतो, असं ते म्हणालेत," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

त्या रविवारी चिटणिसानं मला सकाळी आठलाच बोलावलं. "आई, मागच्या रविवारच्या नोंदी आजच्यात मिसळतात. दर रविवारी फाईल कोरी हवी."

"एवढंच ना?" मी म्हणाले. फाईल उघडताना तिला दोन प्रकारे सांगता येतं. आहे त्याच्या खाली जोडत जा, किंवा जुनं पुसून नव्यानं लिही. मी पहिलं काढून दुसरं घातलं. दोन मिनिटांचं काम. फाईल रविवारी एकदाच उघडते, असं मी मनात धरलं होतं. ती दर फॉर्मला उघडते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे प्रत्येक नवा माणूस आधीच्या सगळ्यांना पुसत होता. मी मात्र ऐटीत खुर्चीवर बसून लोकांना 'लाल चांदणीवालं सगळं भरा हं' म्हणत होते.

सगळ्यांचं भरून झाल्यावर मी एक चाचणीची नोंद केली. छोट्या मॅडमनीच शिकवलं होतं, की चाचणीचा मजकूर असा लिहा, की खऱ्या नोंदींत चुकून राहिला तरी ओळखू यावा. मी लिहिलं: वय एकशे सात. तक्रार: गुडघ्यात घोडा शिरला आहे, रात्री खिंकाळतो. औषध: मोटार मेकॅनिकचं. घरातलं कोण गेलं: अजून कुणी तयार नाही. आणि आत जाऊन मॅडमच्या शेजारी बसले.

"एक नंबर!"

एक गवंडी उठला. अंतर्यामींनी डोळे अर्धवट मिटले. मग उघडले. पुन्हा मिटले.

"तुझ्या... गुडघ्यात..."

"महाराज, माझा खांदा—"

"बोलू नकोस! खांदा तुला दिसतो. मूळ गुडघ्यात आहे. तिथं एक शक्ती अडकली आहे. चार पायांची."

'आहाहा,' हॉल म्हणाला. मी या खेपेला म्हणाले नाही.

"ती रात्री आवाज करते."

"बायको म्हणते खरी, मी घोरतो म्हणून," गवंडी पुटपुटला.

"तोच!"

"दोन नंबर!" एक तरुण बाई बाळाला घेऊन उठली. मेजाखाली टक् असा बारीक आवाज झाला. अंतर्यामींच्या कपाळावर घाम दिसला. "तुझं... तुझंही गुडघ्यातच आहे."

"माझं नाही हो, बाळाला खोकला आहे."

"बाळाच्या गुडघ्यात."

"तो अजून रांगतसुद्धा नाही!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. टक्, टक्, टक्. मेजाखाली कुणी पाय आपटल्यासारखं. फाईल संपली की पुन्हा पहिली ओळ. माझीच सुधारणा. छोट्या मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "काकू, घोडा तुमचा ना?"

गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. संध्याकाळी फाईल दुरुस्त करून दिली असती, पुढच्या रविवारी सगळं सुरळीत, आणि मी चिटणिसाची आई ती आईच.

"तीन नंबर!"

वन्सं उठल्या. हातात पाण्याची रिकामी बाटली. चौथरा नीट दिसत नव्हता म्हणून त्यांनी एक हात पुढे धरला होता.

"शंभरीचं बळ आहे तुझ्यात," अंतर्यामी घाईघाईनं म्हणाले, "पण गुडघ्यात... गुडघ्यात काहीतरी शिरलंय."

आणि वन्संनी वाकून गुडघ्याला हात लावला. "हो महाराज. बुधवारपासून दुखतोय खरा. तुम्हाला कसं हो कळलं?"

त्या स्टुलाला अडखळून पडल्या होत्या. स्टूल दिसलं नाही म्हणून पडल्या होत्या. आणि ते दुखणं ओळखल्याचं श्रेयही त्या माणसाच्या पदरात टाकत होत्या.

मी उभी राहिले. "वन्सं, खाली बसा. तो घोडा मी टाईप केलाय."

"कसला घोडा?" वन्सं म्हणाल्या.

अंतर्यामींच्या तोंडून आतापर्यंत 'घोडा' हा शब्द निघालाच नव्हता. मी मोठ्यांदा सगळी नोंद म्हणून दाखवली. एकशे सात वय, खिंकाळणं, मोटार मेकॅनिक. छोट्या मॅडम तोवर चौथऱ्यावर पोचल्या होत्या. त्यांनी हिरवं कापड ओढलं. मेजाच्या पोटात, काचेखाली, आडवा बसवलेला पडदा. पायाशी एक बटण. गवंडी पुढे झाला आणि एकेक अक्षर लावत त्यानं वाचलं, "गुड-घ्यात घो-डा शिरला आहे."

"हे यंत्र शत्रूंनी माझ्या समाधीत विघ्न आणायला बसवलंय!" अंतर्यामी ओरडले.

"पायाजवळ?" बाळवाली बाई म्हणाली. "आणि तुम्ही ते दाबत होतात?"

चिटणिसानं भिंतीतून वायर उपटली, पण वाचायचं ते वाचून झालं होतं. छोट्या मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, की बाहेर तुम्ही जे लिहिता ते इथं दिसतं, एवढीच विद्या आहे. अर्धा हॉल जिन्याकडे धावला. काहीजण माझ्यावरच उखडले. "चांगलं चाललं होतं, तुम्ही बिघडवलंत." एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की घोडा निघण्यासारखा असेल का. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं. दुसऱ्या कुठल्या गावात ती जोडी फाईल नीट उघडायला शिकली असेलही.

सोमवारी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वन्संना यंत्रासमोर बसवलं, दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ बटण दाबलंच गेलं नाही. उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू गेली होती. डावा वाचवता येईल, म्हणाल्या.

"का बंद केलेत थेंब?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांना माझं सगळं ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला दर वेळी सांगावं लागतं."

"मी विचारते, तुम्ही सांगता, मी लिहून घेते. तुमच्यासमोर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात लपवायचं काय?"

त्या दिवसानंतर मी मदतफलकावर आशीर्वाद लिहिणं सोडलं. प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक प्रश्न उलट विचारायला लागले: हे कशासाठी हवंय? कुणी रागावलं, कुणी पळालं.

वाचणाऱ्यांनो, मी अडाणी नव्हते. तो फॉर्म माझा, ती फाईल माझी, त्यात लिहिलेलं दुःखही माझ्याच घरातलं. तरी फसले, कारण मला रडू आलं आणि रडू आलं म्हणजे ते खरंच असणार, असं मी धरलं. तुमच्या मनातलं कुणी ओळखलं, तर डोळे पुसा आणि शांतपणे आठवा: हे मी कुणाला सांगितलं? कुठं लिहिलं? माझ्यासाठी कुणी भरलं? आठवलं नाही, तर शेजारच्याला विचारा, मास्तरांना विचारा. आणि कुणी काहीही ओळखो, डॉक्टरांनी दिलेलं औषध त्याच्या सांगण्यावरून बंद करू नका.

वन्सं पुढे अकरा वर्षं जगल्या. डाव्या डोळ्यानं काजं शिवत राहिल्या, पूर्वीइतकी नेटकी नाहीत. थेंब मीच घालायचे, सकाळ-संध्याकाळ. मान मागे टाकून त्या पडून राहायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "तारीख बघितलीस ना बाटलीवरची?"

मी वाचून दाखवायचे. मग त्या म्हणायच्या, "आण इकडे, मलाही बघू दे."