सत्काराचा टॅबलेट

रेश्मानं वायरीचं एक टोक लॅपटॉपला जोडलं, दुसरं टॅबलेटच्या खाचेत दाबलं आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. टोक काढून तिनं फुंकर मारली आणि पुन्हा खोचलं. पुन्हा काढलं तेव्हा त्याच्या कडेला लाल काहीतरी दिसलं. तिनं बोट लावून पाहिलं.

"आत्या, यात कुंकू आहे."

तिच्या सासूनं, बनुबाईंनी, खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडे मान वळवली. कृष्णातराव फौजेच्या सिग्नल पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खंडेनवमीला घरातलं एकूण एक अवजार पाटावर मांडून पुजायचं, हा त्यांचा नेम. विळा, कुदळ, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, आणि यंदा त्यांच्या रांगेत हा टॅबलेट. स्टार्टरला दोन बोटं कुंकू लागतं, म्हणून त्यांनी यालाही दोन बोटं लावलं होतं, आणि ते बरोबर खाचेत जाऊन बसलं होतं.

"पूजा केली. दुसरं काय केलं?" कृष्णातराव म्हणाले.

"सील तोडू नगा म्हणून आठ दिस कोण वरडतंय, रेश्मा? आन् आत पैला हात कुणी घातला?" बनुबाई म्हणाल्या.

कृष्णातराव उठले, दात घासायचा जुना ब्रश आणि गोधडीची सुई घेऊन आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि टॅबलेट उंबऱ्याच्या उजेडात धरून खाच साफ करू लागले. काम त्यांना मान्य नव्हतं, पण खाचेत घाण ठेवणं त्याहून मान्य नव्हतं.

टॅबलेट आला होता श्रावणात. कोरेगावच्या बाजूच्या पंचवीस-तीस गावांत बनुबाईंना 'माई' म्हणत. चाळीस वर्षं त्या कीर्तनाला उभ्या राहत आल्या होत्या. श्रावणातल्या सप्ताहात, आपल्याच गावात, ऐन आख्यानात त्यांची ओळ सुटली. टाळकरी जुने, समजूतदार. त्यांनी धृपद उचलून धरलं, पखवाजवाल्यानं लग्गी लावली, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना काही कळलंही नाही. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सप्ताहाच्या सांगतेला देवस्थान कमिटीनं माईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि वाचायचा टॅबलेट. कमिटीचे अध्यक्ष बाळासो माईकवरून म्हणाले, माईंनी लय सेवा केली, आता घरी निवांत वाचत बसावं. टाळ्या झाल्या. माईंनी शाल पांघरून घेतली तेव्हा त्यांना उमगलं, की आपल्याला देवळातून घरी पोचवलं जात आहे.

टॅबलेट मात्र चांगला निघाला. त्याच्या पडद्याला मोबाईलसारखा झगझगाट नव्हता. कागदावर शाई उमटावी तशी अक्षरं उमटत. माईंच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध करड्या रंगाचा डाग बसला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, यावर शस्त्रक्रिया नाही, कडेकडेनं बघायची सवय करा. मोबाईलकडे पाहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. या पडद्याकडे त्या तासभर बघू शकत. अडचण एवढीच, की त्यातलं मोठ्यात मोठं अक्षर तूरडाळीएवढं होतं आणि माईंना लागत होतं लिंबाएवढं. शिवाय कंपनीनं भरलेली पुस्तकं सोडून त्यात दुसरं काही घालता येत नव्हतं. आणि तो सुरू केला, की आधी हात जोडलेल्या बाळासोंचा फोटो यायचा, खाली 'हार्दिक शुभेच्छुक'.

माईंना त्यात स्वतःचं आख्यान हवं होतं. घिसाडणीचं. त्यांनी स्वतः रचलेलं, कुठं न छापलेलं. पालापुढं तान्हं बाळ निजवून घिसाडीण विळे घडवते, भाता ओढायला कुणी नाही. तेव्हा देवळातला देव उठून येतो आणि रात्रभर तिचा भाता ओढतो, अशी ती कथा. मार्गशीर्षातल्या एकादशीला सकाळी देवळात तेच आख्यान लावायचं, असं त्यांनी दिवाळीतच मनाशी धरलं होतं. ओळ पुन्हा सुटली तर समोर ती लिंबाएवढी दिसली पाहिजे. नाही दिसली, तर उभं राहायचं कशाच्या जिवावर?

रेश्मा त्यांची सून. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची आणि दर शनिवारी गावी यायची. कंपनीला फोन तिनेच केला होता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, या मॉडेलमध्ये ती सोय नाही. मग रेश्मानं सासूला समजावलं. टॅबलेट आपला असला तरी आत आपण भाडेकरूच आहोत. किल्ल्या सगळ्या कंपनीकडे. रूट करायचं म्हणजे त्या किल्ल्या आपल्याकडे घ्यायच्या. एक सोपी वाट होती. इंटरनेटवरून तयार प्रोग्राम उतरवायचा, एक बटण दाबायचं, तो सगळं करतो. पण तो कुणी बनवला आणि जाताना आत काय ठेवून जातो, ते कुणालाच ठाऊक नसतं. दुसरी वाट लांबची. आधी कुलूप उघडायचं, त्यात आतलं सगळं पुसलं जातं, मग एकेक गोष्ट हातानं घालायची. माईंनी लांबची वाट धर म्हणून सांगितलं. घरात घ्यायचं ते माणूस ओळखून घ्यावं, एवढंच त्या म्हणाल्या.

आता खाच स्वच्छ झाली. लॅपटॉपनं टॅबलेट ओळखला. रेश्मानं काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, आणि टॅबलेटच्या पडद्यावर बारीक इंग्रजीत भलामोठा मजकूर आला. तिनं तो मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. वॉरंटी जाईल. सगळं पुसलं जाईल. पुढं काही बिघडलं तर जबाबदारी आपली.

"आणि मधेच वायर हलली, लाईट गेली, तर वीट होते," ती म्हणाली. "म्हणजे बंदच पडतो. पुन्हा सुरू होत नाही. तसंच म्हणतात त्याला."

माई हसल्या.

"वीट झाली तर देवघरात ठीवू. त्येला उभं ऱ्हायला बरी."

कृष्णातराव हसले नाहीत. आत्ता निदान डोळे बारीक करून थोडं तरी दिसतं, ते म्हणाले, उद्या तेही गेलं तर? वायरलेस सेटचं सील तोडलं की फौजेत चौकशी बसायची, दोन जवानांचं प्रमोशन त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. आणि ही भेटवस्तू. देणाऱ्यानं जशी दिली तशी ठेवावी. गावात राहायचं आहे.

"तुमी रिटायर झालाय," माई म्हणाल्या. "म्या न्हाई."

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली आणि बाळासो 'हैत का माई' म्हणत आत आले. एकादशीचंच बोलायला आले होते. रेश्मानं लॅपटॉप मिटला नाही. चहा झाला. बाळासोंनी आधी पावसाचं काढलं, मग कारखान्याचं, मग हळूच सांगितलं, की यंदा मार्गशीर्षातल्या एकादशीला बाहेरचा बुवा ठरवलाय, तरुण आहे, गळा चांगला आहे, माईंनी पुढं बसून ऐकावं, खुर्ची ठेवतो. बोलता बोलता त्यांची नजर टॅबलेटवर गेली. पडद्यावर आपला फोटो नाही, भलतंच काहीतरी इंग्रजी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

"ह्ये काय चाललंय?"

"कुलूप काडतोय," माई म्हणाल्या.

बाळासोंनी कप खाली ठेवला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजावू लागले. कंपनीनं विचार करूनच दिलं असणार. म्हाताऱ्या माणसाला काय लागतं, ते त्यांना कळतं. उगा मोडलं तर कमिटीचं नाव खराब. आणि आता या वयात, एवढं कशाला?

"माई, तुमाला त्रास नको म्हणून म्हणतोय मी. गेल्या टायमाला काय झालं, ते आमी बगितलं न्हवं. लोक काय तोंडावर बोलत न्हाईत."

कृष्णातरावांच्या हातात सुई तशीच होती.

"रेश्मा," माई म्हणाल्या, "कुठलं बटन?"

"वरचं आवाजाचं एकदा. मग कडेचं दाबून धरायचं. पण आत्या—"

माईंनी टॅबलेट मांडीवर घेतला. कडेनं अंगठा फिरवत बटण चाचपलं, वरचं एकदा दाबलं, मग दुसऱ्यावर अंगठा ठेवला आणि मान वर करून, डाग जिथं बाळासोंच्या चेहऱ्यावर येणार नाही अशा बेतानं जरा बाजूला बघत, अंगठा दाबून धरला. पडदा काळा झाला.

"त्या बुवाला फुडची एकादशी द्या, बाळासो," त्या म्हणाल्या. "ही माजी हाय."

बाळासो काळ्या पडद्याकडे बघत उठले. दारात जोडे घालताना कृष्णातरावांना म्हणाले, तुमी तरी सांगायचं व्हतं. कृष्णातराव म्हणाले, "सांगितलं की." आणि आत येऊन त्यांनी वायरीचं टोक दोन बोटांत घट्ट धरलं. हलू नये म्हणून. पडदा पुन्हा पांढरा होऊन अक्षरं उमटेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

पुढचं सगळं रेश्मानं त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी केलं. माई सांगत गेल्या, ती टाईप करत गेली. तीन ठिकाणी माई अडल्या, तेव्हा थांबून, टाळ हातात घेऊन, चालीवरून ओळ शोधून काढली. एका पानावर पाच-सहा शब्द मावले, पण ते सुपातल्या लिंबांसारखे समोर मांडलेले होते. माईंनी पानामागून पान उलटलं आणि खूप दिवसांनी स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचलं.

एकादशीला सकाळी काकड्यानंतर देऊळ भरलं. बाहेरचा बुवा आला नव्हता; बाळासोंनी त्याला येऊ नको म्हणून कळवलं की त्यालाच यायला जमलं नाही, हे कुणी विचारलं नाही. विणेकरी मागं उभा, दोन्ही बाजूंना टाळकरी, आणि माईंच्या पुढं बँडवाल्यांकडून मागून आणलेला लोखंडी स्टँड. त्यावर टॅबलेट. पोरं कुजबुजली. नारदाच्या गादीवर असलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. माईंनी गंध लावून घेतलं, पायाखालच्या गादीला हात लावून नमस्कार केला आणि धृपद धरलं.

कोण ओढी भाता । कोण फुंकी जाळ ।
झोपलेले बाळ । कोण राखी ॥

टाळकऱ्यांनी उचललं. कथा रंगली. देव उठला, पालापर्यंत आला, भात्याची दांडी त्यानं हातात घेतली. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. पहाटे पुजारी गाभाऱ्यात शिरला आणि देवाचे हात कोळशानं माखलेले पाहून ओरडला. धावत पालापाशी आला. घिसाडणीला जाब विचारू लागला. आणि इथं, घिसाडणीच्या उत्तरापाशी, माईंच्या बोटाचा स्पर्श तीनदा झाला. पानं एकाऐवजी तीन उलटली. समोर भलतीच ओळ आली आणि तोंडातली ओळ निघून गेली.

एका टाळकऱ्यानं श्रावणातल्यासारखं धृपद धरायला तोंड उघडलं. पहिल्या रांगेत बाळासो उठले. सत्काराचा शेवंतीचा हार ताटात तयारच होता. तो दोन्ही हातांत घेऊन ते पुढं आले, चेहऱ्यावर खरंच कणव होती. गळ्यात हार पडला की कीर्तन संपलं, हे देवळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सन्मानानं संपलं असतं.

माईंनी एक तळवा टाळकऱ्यांकडे केला. मान खाली केली नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वाचतिया मी."

मग बाळासोंना, हळू आवाजात, पण पहिल्या चार रांगांना ऐकू जाईल असं:

"हार असू दे हातात. झालं न्हाई अजून."

गादीसाठी आणलेला हार भुईवर ठेवत नाहीत आणि ताटात परतही घालत नाहीत. बाळासो तो धरून जागच्या जागी उभे राहिले.

माईंनी पान मागं घेतलं. पडदा काळा होऊन पांढरा झाला. हे ते पान नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. मान एका अंगाला कलती करून, डोळ्याच्या कडेनं, एकेक अक्षर बघत राहिल्या. कुणीतरी खोकलं. पखवाजवाल्याचा हात वाद्यावर अलगद टेकून राहिला. एवढं मोठं देऊळ एका बाईचं वाचून व्हायची वाट बघत होतं, आणि त्यातलं एक माणूसही उठून गेलं नाही. मागं खांबापाशी कृष्णातराव टाचा जुळवून उभे होते.

आणखी एक पान मागं गेलं. माईंचा चेहरा हलला.

काळे झाले हात । पुसू नको देवा ।
कष्टाचा हा ठेवा । असू दे रे ॥

आवाज सुरुवातीला जरासा चिरला, मग लागला. पखवाज त्याच्यापाठोपाठ आला. टाळ आले. माईंनी तीच ओळ पुन्हा घेतली, मग वरच्या पट्टीत, मग टाळकऱ्यांना दिली, आणि बायकांच्या बाजूनंही ती उचलली गेली.

बाळासोंच्या हातातला हार ओला होता. त्याचं पाणी मनगटावरून पांढऱ्या बाहीत उतरत होतं आणि पाकळ्यांचा पिवळा रंग बोटांना लागला होता. त्यांना हात पुसता येत नव्हते. काही वेळानं त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर आपोआप ठेका धरू लागला.

आख्यान अजून बरंच बाकी होतं. माईंनी पान उलटलं.