आधी पोट तर येऊ द्या!

मी एक जिताडा मासा बोलतोय. आज काचेच्या टाकीत ऐटीत फिरतो, पण जन्मलो तेव्हा पापणीच्या केसाएवढा होतो. तोंडच नव्हतं, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. अंगाखाली बलकाची शिदोरी बांधलेली होती. ती संपत आली तसं तोंड उघडलं, ते आजतागायत मिटलेलं नाही.

आमचं घर म्हणजे मत्स्यबीज केंद्रातली एक गोल टाकी. केंद्राचा मालक दादा, आणि आम्हा पिल्लांचं सगळं बघणारी त्याची धाकटी बहीण. धाकटी असूनही तिला सगळे ताई म्हणत. घाबरला की दादासुद्धा.

ताई आम्हाला जिवंत खाऊ द्यायची. आधी डोळ्यांना न दिसणारे जीव, मग आर्टेमिया नावाच्या कोळंबीसारख्या जिवाची नारिंगी, चिमुकली पिल्लं. वळवळलं की झडप घालायची, एवढंच आम्हाला कळे. अंग आरपार दिसायचं, त्यामुळे कोण किती जेवलं ते जगजाहीर. चोरून खायची सोय नव्हती.

पण ही आर्टेमिया रोज उबवायची, गाळायची, धुवायची. दादा कंटाळला होता.

"आता बास! कोरडी भुकटी सुरू कर," तो म्हणाला. "आधीची सगळी पिल्लं गेली. हीपण गेली, तर मी केंद्राला कुलूप लावणार."

"ती तुझ्या घाईने गेली."

"तुझ्या लाडाने गेली!"

ताई आईला घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा दादाने डाव साधला. आर्टेमिया बंद, तपकिरी भुकटी सुरू. आम्ही वाट बघितली, पण भुकटी काही वळवळेना. शेवटी डोळे मिटून गिळावं म्हटलं, तर आम्हाला पापण्याच नाहीत. उघड्या डोळ्यांनी गिळली. तरी भूक जाईना. शेजारचा भाऊ माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघायला लागला. आमच्या जातीत अशी माया फार धोक्याची.

ताई परतली. टाकीकडे एक नजर टाकून तिने मला ड्रॉपरमध्ये ओढलं, थेंबभर पाण्यासकट काचेवर ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं.

"बघ."

"बघतोय. हाच माझ्याकडे बघतोय."

"आतली नळी दिसते? सरळसोट. इकडून भुकटी गेली, तिकडून तशीच बाहेर."

"मग पोट कुठाय?"

"अजून आलेलंच नाही! आर्टेमिया मऊ असते, नळीतही पचते. ही भुकटी पचायला पोट हवं, त्यात आम्ल हवं."

दादाने पुन्हा डोळा लावला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आधीची पिल्लं भरल्या टाकीत उपाशी मेली?"

ताईचा आवाज मऊ झाला. "तेव्हा मलाही कळलं नव्हतं रे. याला आधी पाण्यात सोड, सुकेल."

आर्टेमिया परत आली. आम्ही जरा वाढल्यावर ताईने नवी रीत काढली. भूक लागली की आधी चिमूटभर भुकटी, मागून आर्टेमिया, आणि आर्टेमिया रोज थोडी कमी. भुकटी भरवायला दादाच बसायचा, उलट्या बादलीवर.

"खा रे राजा. एकच घास!"

मी घास घेई आणि थुंकून टाकी.

"थुंकला गं!"

"तूही भाजी अशीच थुंकायचास. आई सांगते."

इकडे माझ्या आत काहीतरी चाललं होतं. नळीला फुगवटा आला, फुगवट्याची पिशवी झाली. एके दिवशी गिळलेली भुकटी आत टिकून राहिली. अंगाला कसा छान जडपणा आला! जेवणानंतर लोळावंसं का वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"ताई! तपकिरी! पोटं तपकिरी दिसतायत!" दादा ओरडत उठला. बादली आडवी झाली, त्याची एक चप्पल थेट टाकीत पडली. माझ्या भावंडांनी तीही चाखून बघितली. पोट आल्याचा केवढा तो आत्मविश्वास!

केंद्राला कुलूप लागलं नाही. भावंडं तलावांत रवाना झाली आणि मी इथे कचेरीत आलो. "सूक्ष्मदर्शकाखाली माझ्याकडे बघत होता, तो हाच," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला छातीठोकपणे सांगतो. तेव्हा आम्ही हजारो एकाच चेहऱ्याचे होतो, त्याने मला कसं ओळखलं कोण जाणे. मी कशाला विचारू? जागा हवेशीर आहे.

तुम्हाला एवढीच विनंती, कुणाचंही पिल्लू असो, घास भरवताना घाई करू नका. आता मला निघायला हवं. खाद्याच्या डब्याचं झाकण वाजलंय.