बटणांचा दगड

"पाण्यात!" मास्तर ओरडले. म्हणजे ओरडायचं होतं त्यांना. तोंडातून आलं ते "पान्न्यात" असं काहीतरी, ओठाच्या कोपऱ्यातून निसटलेलं.

"दगड पाण्यातच आहे की, अहो." बायकोचे दोन्ही हात कोपरापर्यंत रबरी मोज्यांत आणि मोजे टाकीत. "जरा गप्प बसाल का? शिकाऊ गाडी नाही ही."

मास्तरांची उभी हयात लोकांना मोटार शिकवण्यात गेली होती. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या हातांनी गाडी हाकायची त्यांना सवय होती. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. जीभही जड झाली. एकदा दुकानात गल्ल्यावरचा माणूस त्यांच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसा मोठमोठ्यानं बोलला, तेव्हापासून त्यांनी परक्यांसमोर तोंड उघडणंच सोडलं. लेकीचा फोन आला तरी मान हलवून नाही म्हणायचे.

जीव होता तो त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत. मधोमध मेंदूसारख्या वळ्यांचं एक प्रवाळ होतं. आणलं तेव्हा लिंबाएवढं होतं, मास्तरांनी वाढवून वाढवून मुठीपेक्षा मोठं केलेलं. शेजारच्या दगडावर बटणं होती. ती प्रवाळंच, पण शर्टाच्या बटणाएवढी, केशरी, कडेला झालर असलेली. दिसायला गोजिरी, वाढायला बेशरम. हात चालत होता तोवर मास्तर त्यांना वेळच्या वेळी छाटायचे. हात गेला आणि बटणांना रान मोकळं झालं. आता ती मेंदूला येऊन टेकली होती आणि मेंदूची ती कड पांढरी पडत चालली होती. टाकीचं सामान विकणारा 'आज येतो, उद्या येतो' करत होता. शेवटी पडदे शिवणाऱ्या बायकोनंच मशीन बाजूला सारलं आणि बाह्या सरसावल्या.

तिनं बटणांचा दगड उचलून टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवला आणि सुरी घेतली.

मास्तर खुर्चीत पुढे झुकले. या बटणांच्या अंगात विष असतं. छाटताना चिळकांडी उडते. ते स्वतः नेहमी डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद चष्मा चढवून बसायचे. तो मागच्या खोलीत, वरच्या फळीवर होता.

"च... चश्...मा," ते म्हणाले.

"चष्मा हवाय?" तिनं एक मोजा काढला, टेबलावरचा त्यांचा वाचायचा चष्मा उचलला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. "घ्या. आता नीट लक्ष ठेवा माझ्यावर." आणि हसली.

नाही, तुला, असं सांगायला हवं होतं. दोनच शब्द. पण ते दोन शब्द जुळवायला किती वेळ लागेल, त्यातले किती वाकडे येतील, ती कशी मान पुढे करून 'काय? काय म्हणालात?' विचारत राहील, हे सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेलं. ते गप्प बसले. पाण्यातच तर कापतेय, म्हणाले मनात.

सुरुवातीला ती पाण्यातच कापत होती. बटणं सुटून बादलीच्या तळाशी जात होती. मग एका खाचेतलं दिसेना, म्हणून सुईत दोरा ओवताना धरावा तसा तिनं दगड पाण्याबाहेर काढून डोळ्यांजवळ आणला आणि सुरी लावली.

मास्तरांचा डावा हात हवेत उठला. ब्रेक दाबावा तसा पाय जमिनीवर आपटला.

"आई गं!"

सुरी खाली पडली. ती डावा डोळा चोळायला निघाली, तसा मास्तरांनी तिचा हात धरला. कसेबसे ते उठले, भिंतीच्या आधारानं तिला मोरीपर्यंत नेलं आणि नळ सोडून तिचं डोकं खाली दाबलं. "पुरे हो, गुदमरतेय मी," ती म्हणत होती. त्यांनी सोडलं नाही. उजवा पाय लटपटत होता, पाणी दोघांच्या अंगावरून वाहत होतं.

टॅक्सीत बसेपर्यंत तिचा डोळा सुजून बंद झाला होता.

दवाखान्यात रांग होती. खिडकीतल्या मुलीला ती म्हणाली, "माशांच्या टाकीतलं खारं पाणी उडालं डोळ्यात."

"मिठाचंच पाणी ना? बसा तिकडे. नंबर आला की बोलावते."

ती वळली. मास्तर खिडकीपाशीच उभे राहिले.

"वि...श्श," ते म्हणाले.

"काय?"

"विश्श. ती... डो..."

मागचे लोक बघायला लागले. "प्यायलेत का हो हे?" कुणीतरी विचारलं. दारावरचा रखवालदार पुढे झाला आणि त्यानं मास्तरांच्या दंडाला धरलं. "चला आजोबा, बाकावर बसा."

मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाकावर बायको डोळ्यावर ओला रुमाल धरून डुलत होती. ते जागचे हलले नाहीत. घाबरलेल्या शिकाऊला ते सांगायचे तेच त्यांनी स्वतःला सांगितलं: आधी पहिला गिअर. गाडी पळवायची नाही, फक्त हलवायची. त्यांनी श्वास घेतला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा एकेक शब्द काढला.

"विष. आहे. प्रवाळाचं. डोळा. जाईल."

आतल्या दारात एक डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कसलं विष म्हणालात? सावकाश सांगा, मी ऐकतेय."

मास्तरांनी परत सांगितलं. लाळ हनुवटीवर आली, ती पुसायलाही ते थांबले नाहीत. बाईंनी बायकोला तसंच आत घेतलं.

पुष्कळ वेळानं त्या बाहेर आल्या. "डोळा वाचेल. पण बुबुळाला इजा झालीये. नजर किती साफ होईल, ते आत्ताच नाही सांगता येणार."

परतताना टॅक्सीत मास्तर म्हणाले, "चष्मा. तुला... म्हणत होतो."

"कळलं मला ते," ती म्हणाली. "जातानाच कळलं. मग परत का नाही सांगितलंत?"

"लाज."

"माझी?"

ती उरलेल्या डोळ्यानं बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी टाकीवाला धावत आला. मास्तरांनी हातानंच खूण केली: सगळं उचल. डोळ्याला पट्टी बांधलेली बायको दारात आली. "बटणांचा दगड न्या. तेवढाच. आंधळीसाठी टाकी मोडली असं मला ऐकायचं नाहीये."

मेंदूची कड हळूहळू भरून आली. तिची नजर मात्र धुरकटच राहिली. शिवायला घेतलेले पडदे तिनं दुसऱ्या शिवणारीला दिले, मशीन झाकून ठेवलं. चिडायची नाही. नुसती मधेच भिंतीवरच्या घड्याळाकडे एका डोळ्यानं बघायची, मग दुसऱ्यानं.

डोळ्यात औषध ती स्वतःच घालायची, आरशासमोर. अर्धं गालावरून ओघळायचं. एका सकाळी मास्तरांनी तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

"तुम्हाला जमेल?"

"बस."

ती खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली. मास्तर डाव्या हातात बाटली धरून तिच्यावर वाकले. पहिला थेंब भुवईवर पडला, दुसरा नाकाच्या कडेला.

"हलू... नकोस."

"मी कुठे हलतेय?"

तिसरा थेंब बाटलीच्या टोकाशी फुगत गेला, हाताबरोबर हेलकावत. तिनं डोळा मिटला नाही.