हिरव्या चहाचा अर्क

धाकटी बहीण अकरा वर्षं एकाच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. वजन उतरवायच्या कॅप्सूल, आत हिरव्या चहाच्या पानांचा अर्क. प्रत्येक लॉटमधल्या वीस कॅप्सूल फोडायच्या, पूड विरघळवायची, यंत्रात घालायची आणि अर्क लेबलावर लिहिलाय त्यापेक्षा कमी नाही ना, एवढं बघून सही ठोकायची. कमी भरला तर माल परत. जास्त भरला तर कुणी विचारत नसे. कागदावर त्याला रकानाच नव्हता. गिऱ्हाइकाला चार दाणे जास्तच गेले, म्हणायचे सगळे. धाकटीला तर त्या पुडीच्या वासाचाही वीट आला होता. आकडे डोळ्यांपुढून जायचे, डोक्यात काही शिरायचं नाही.

कामगारांना महिन्याला एक बाटली फुकट मिळे. ती जाई थोरलीकडे. थोरलीला लहानपणापासून घरीदारी सगळे 'गोणी' म्हणत, आणि ती सगळ्यांच्या आधी हसे. अर्धपोटी राहून झालं, चालून चालून गुडघे गेले, पण वजनकाटा काही हलेना. या कॅप्सूल मात्र ती निर्धास्त घेई. बहिणीनंच तपासलेल्या, मग बघायचं काय राहिलं?

गेल्या आठवड्यात थोरलीचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात ठेवलं. यकृताला सूज आहे, कारण सापडलं तर आवरता येईल, नाहीतर अवघड आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. औषधं कुठली चालू आहेत, असं त्यांनी दोनदा विचारलं. थोरली दोन्ही वेळा काही नाही म्हणाली. झाडपाल्याला ती औषध धरतच नव्हती.

हे ऐकून धाकटीनं थोरलीच्या पिशवीतली बाटली उचलली. ती तशीच कारखान्यात गेली, बाटलीवरचा नंबर बघून जुना कागद काढला. खाली सही तिचीच. परतताना तिला वाटलं, गप्प बसावं, नोकरी तरी राहील. पण खोटं रेटायलाही अंगात त्राण लागतं, आणि बहीण तर एकच होती.

"ती चहाच्या अर्काच्या कॅप्सूल घेते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "या लॉटमध्ये अर्क दुप्पट आहे. मीच पास केलाय."

त्यांनी बाटली काढून घेतली, आजपासून बंद म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. धाकटी मान खाली घालून उभी राहिली. आता थोरलीनं चार शब्द सुनवावेत, मनातलं सगळं बोलून टाकावं, असं तिला वाटत होतं.

थोरलीनं छतावरची नजर तिच्याकडे वळवली.

"दुप्पट होता?" तिनं हळूच विचारलं. "मग माझं वजन का गं नाही उतरलं?"